चुकीला ग्रीकमध्ये काय म्हणतात

मार्च लागला की निपाणीच्या हवेत दोन गोष्टी एकदम भरतात. एक तंबाखू आणि दुसरी दहावीची परीक्षा. शेतात वाळलेला तंबाखू झोडपून, चाळून वखारींत यायला लागलेला असतो. बसमधून पाय खाली टाकला की नाकात झिणझिण्या येतात. परगावचा माणूस शिंकून शिंकून बेजार होतो आणि आमच्याकडची माणसं त्याच्याकडे बघून हसतात. त्याच धुळीतून मुली शाळेकडे निघालेल्या असतात, छातीशी पॅड धरून, ओठांतल्या ओठांत सूत्रं घोकत. गेल्या आठवड्यात मी बेळगावहून माहेरी आले, स्टँडवर उतरले, जोराचा ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यासोबत माझा जुना राग असा सळसळत वर आला की मला बरं वाटलं. अजून आहे म्हणायचा.

हा राग मी जपला आहे. लोक लोणच्याची बरणी जपतात तसा. ओला हात लागू दिला नाही.

माझी थोरली बहीण पद्मा. आम्ही तिला आक्का म्हणतो. निपाणीजवळच्या खेड्यात आमची शेती. घरात मराठी, बाजारात आणि बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, निम्मं कन्नड. आक्का निपाणीतल्या एका हायस्कुलात गणित शिकवायची. तिला स्वतःला गणित शिकवलेले चौगुले सर तिथेच हेडमास्तर होते. आक्का त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायची नाही. ते म्हणायचे, "बस की गं पोरी, आता तू बी मास्तरीण हाईस." तरी ती उभीच.

त्या मार्चमध्ये दहावीच्या गणिताच्या पेपरला आक्का वर्गावर सुपरवायझर होती. तिसऱ्या बाकाखाली तिला चिठ्ठ्या सापडल्या. टाइप केलेल्या, उत्तरांच्या, एकसारख्या. तिनं त्या गोळा केल्या आणि थेट सरांच्या खोलीत नेऊन दिल्या. सर म्हणाले, "ठेव हितं. मी बघतो." तासाभरानं तपासणीचं स्क्वॉड आलं. सरांच्या टेबलावर चिठ्ठ्या दिसल्या. आणि सरांनी सांगितलं की ह्या चिठ्ठ्या पद्मा मॅडमकडे मिळाल्या, मॅडमच त्या मुलांना वाटत होत्या.

मग त्यांनी आक्काला आत बोलावलं. दार लोटून घेतलं. "घाबरू नगं," म्हणाले, "लक्ष ऱ्हायलं न्हाय, चूक झाली, एवढं लिहून देऊ. एवढ्यावर मिटतंय. कन्नडात लिहायला पायजे, मीच लिहितो." लिहिलं, वाचूनही दाखवलं. वाचताना ते 'तप्पु' म्हणाले. तप्पु म्हणजे चूक. आक्कानं सही केली. कागदाकडे बघितलं नाही, सरांकडे बघितलं. कागदावर होतं की चिठ्ठ्या मी जाणून वाटल्या आणि हा माझा अपराध आहे. मराठीत काय, कन्नडात काय, अपराध म्हणजे अपराधच.

आठ दिवसांत आक्का सस्पेंड झाली. चौकशी झाली, तिथे तिचीच सही तिला दाखवण्यात आली. ती म्हणाली, हे मी बोललेच नव्हते. त्यांनी विचारलं, सही कुणाची? वर्षभरानं नोकरी गेली.

मी त्या मार्चमध्ये बेळगावात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षेचं माझं पुस्तक उघडं आणि डोकं निपाणीत. त्याच दिवसांत मी दुपारी कॅम्पात फादर लोबोंकडे जायची. फादर कधीकाळी सेमिनरीत ग्रीक शिकवायचे. म्हातारपणी त्यांनी एक छंद घेतला होता: जुन्या ग्रीक भाषेत पाप, गुन्हा, दोष, विटाळ यांसाठी जेवढे शब्द आहेत त्यांची मराठीत यादी करायची. त्यांना हात थरथरण्याचा त्रास होता, म्हणून लिहायला कुणीतरी हवं होतं. आमच्या मॅडमनी माझं अक्षर बघून मला धाडलं. बाहेर ऊन तापलेलं, व्हरांड्यात मातीच्या कुंड्या, आत जाड पडद्यांचा गारवा, आणि मी चिठ्ठी-चिठ्ठीवर एकेक शब्द लिहितेय. बहिणीच्या नावावर चिठ्ठ्या वाटल्याचा गुन्हा, आणि मी दुपारभर चिठ्ठ्याच लिहीत बसायची. हसू यायचं नाही तेव्हा.

फादरांनी एके दिवशी तीन चिठ्ठ्या ओळीत मांडल्या. "नीट बघ, मुली. माणसाच्या हातून वाईट घडलं तर हे लोक आधी विचारायचे, कुठल्या घरातलं? पहिलं आतुखेमा. घडून गेलं, कुणाच्याच मनात नव्हतं. दुसरं हामार्तेमा. करणारा तूच, पण नेम चुकला, मनात खोट नव्हती. तिसरं आदिकेमा. जाणून, समजून केलेला अन्याय."

मी विचारलं, "फादर, आणि एकानं तिसऱ्या घरातलं करून दुसऱ्या माणसाच्या नावावर टाकलं तर?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांना आक्काचं माहीत नव्हतं. मी सांगितलं. ते म्हणाले, "ह्याला तुमच्याकडे शब्द आहे ना?"

होता. किटाळ. न केलेल्या गोष्टीचा डाग. मला त्या दिवशी माझ्या भाषेचा अभिमान वाटला आणि भीतीही. ज्या भाषेत ह्या गोष्टीला इतका नेमका शब्द आहे, तिथे ही गोष्ट किती वेळा घडली असेल.

दुसरा एक शब्द मला त्या उन्हाळ्यात चिकटला: मिआस्मा. रक्त सांडणाऱ्याच्या अंगाला लागतो तो विटाळ. दिसत नाही, पण पसरतो. त्याच्यासोबत एका छताखाली बसलं तरी लागतो. म्हणून अथेन्समध्ये खुनाचे खटले उघड्यावर चालायचे, न्याय करणाऱ्यांवर आणि त्याच्यावर एक छप्पर नको. मी ते लिहून घेत होते आणि मला आमची बस्ती दिसत होती. रविवारी आक्का अभिषेकाला गेली की बायका जरा सरकून बसायच्या. बोलायचं कुणी काही नाही. जागाच व्हायची तिच्या भोवती, हातभर. तिची पूजेची पाळी आली तेव्हा पंडितांच्या बायकोनं निरोप दिला, "पुढच्या महिन्यात करा की, घाई काय हाय." ग्रीकांचा विटाळ निदान करणाऱ्याला तरी लागायचा. आमचा विटाळ आम्ही पिढ्यान्‌पिढ्या काहीच न केलेल्या माणसांवर टाकत आलो. तो शब्द दुसऱ्यांसाठी वापरताना आमच्या घरात कुणाला काही वाटलं नव्हतं. आक्काच्या भोवती हातभर जागा झाली, तेव्हा मला तो कळला.

चौगुले सर मात्र बस्तीत पुढच्या रांगेत बसायचे. त्यांच्याभोवती दाटी असायची.

आक्का घरी बसली नाही. शेतातल्या बायकांबरोबर तंबाखूला गेली. हिरव्या पानाचा चीक हातांना लागतो, काळा चिकट थर बसतो, साबणानं जात नाही. चिंच चोळावी लागते. ती परसात बसून चिंच चोळायची आणि मी बाजूला उभी राहून दातओठ खायची.

"आक्का, तू एकदा त्यांच्या दारात जाऊन बोंब तरी मार."

"बोंब मारून काय व्हतंय?"

"मला तरी झोप लागंल."

"मग तू मार," ती म्हणाली. "मला हाताचं काळं काढायचं हाय."

आप्पा, आमचे वडील, तर त्याहून गप्प. संध्याकाळी सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसताना सगळ्या जिवांची क्षमा मागायचे. मला वाटायचं, मुंगीची क्षमा मागणारा हा माणूस मुलीसाठी एकदा तरी दार आपटेल. नाही आपटलं. त्यानंतर तिसऱ्या वर्षी ते गेले.

मी फादरांना सरळ विचारलं, सुडाला काय म्हणतात? त्यांनी चिठ्ठी न बघता सांगितलं, "तिमोरिया. पण गंमत बघ, ह्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे मदत. ज्याचा मान गेला, त्याच्या बाजूनं उभं राहणं." मग म्हणाले, "तुझ्या सुडानं मदत कुणाला होणार, एवढं ठरवून ठेव." मला राग आला. म्हाताऱ्या माणसाला शहाणपण सुचणारच, असं मनात म्हणून मी पुढची चिठ्ठी घेतली. फादर आता नाहीत. ती यादी अर्धवट राहिली.

पण मी ठरवलं होतं. सरांनी आक्काला एका शब्दात गाडलं होतं. मराठीतली चूक कन्नडात नेताना त्यांनी वाटेत तिचा अपराध केला होता. त्या वाटेवर जाऊन बसायचं. मी दोन्ही भाषा घासून घासून शिकले, परीक्षा दिल्या आणि बेळगावात अनुवादक झाले. जबान्या, अर्ज, जुने दस्तऐवज. मराठीतून कन्नडात, कन्नडातून मराठीत. लग्न झालं, आडनाव बदललं. लोक विचारायचे, ह्या रुक्ष कामात मन कसं रमतं तुमचं? मी म्हणायचे, रमतं.

दहा-अकरा वर्षं गेली. शाळेचा जुना क्लार्क निवृत्त झाला आणि त्यानं वर लेखी कळवलं की त्या चिठ्ठ्या सरांच्या सांगण्यावरून आपणच टाइप केल्या होत्या. संस्थेतल्या एकाच्या पुतण्याला पास करायचं होतं. प्रकरण पुन्हा उघडलं. सर तोवर निवृत्त झालेले. जबानी मी मराठीतच देणार, असं त्यांनी कळवलं. चौकशी करणाऱ्या बाई म्हैसूरकडच्या, त्यांना मराठी येत नव्हतं. अनुवादक हवा होता. यादीतून माझं नाव निघालं.

नियमानं मी सांगायला हवं होतं की साक्षीदार माझी सख्खी बहीण आहे. मी सांगितलं नाही. हे मी इथे कबूल करते, आणि कुठल्या घरातलं तेही सांगते: तिसऱ्या.

ती दुपार पण मार्चमधलीच. बेळगावातलं ऑफिस, खडेबाजाराकडून येणारे रिक्षांचे हॉर्न, वर गरगरणारा पंखा. आक्का निपाणीहून बसनं आली होती. इस्त्रीची सुती साडी, हातात कापडी पिशवी. बाहेरच्या बाकांवर आम्ही दोघी बहिणी समोरासमोर अनोळखी असल्यासारख्या बसलो. तिनं मला बघितलं, माझ्या हातातली फाईल बघितली, आणि नजर खाली घेतली. तिला कळलं होतं.

सर आले. खांदे पडलेले, काठी. मला त्यांनी ओळखलं नाही. आक्काला ओळखलं आणि नमस्कार करावा की नाही ते न कळून हात अर्ध्यात थांबला.

कामाची पद्धत अशी असते. माणूस मराठीत बोलतो, मी ते मराठीत उतरून घेते, तो सही करतो. मग मी माझ्या टेबलावर बसून कन्नड करते. मराठी कागद फाईलच्या तळाशी जातो. निर्णय देणारे वाचतात तो माझा कन्नड कागद. कुणी ताडून बघत नाही.

बाईंनी विचारलं, मी मराठीत सांगितलं. सरांनी घसा साफ केला. "त्या वेळी माझ्याकडनं चूक झाली. गडबडीत घडून गेलं."

बस्स. हाच शब्द मला हवा होता. मराठीत चूक, कन्नडात नेताना अपराध. तिच्यासाठी जे केलंत तेच, तोलून मापून, परत. 'मी जाणून केलं' हेही पुढे जोडता आलं असतं. मी कित्येक वर्षं हे वाक्य मनात कन्नडात लिहून ठेवलं होतं, विरामचिन्हांसकट. माझ्या बोटांना खरोखर घाम आला. सुखाचा.

आणि लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली, तसं सगळ्या आनंदावर विरजण पडलं. मी हे केलं, तर हा माणूस उरलेलं आयुष्य सांगत फिरणार: हे मी बोललोच नव्हतो. आणि ते खरं असणार. बोलणं त्याचं, शब्द दुसऱ्याचा. म्हणजे आक्का आज जिथे उभी आहे तिथे तो जाऊन उभा राहणार. किटाळ आलेला माणूस म्हणून. ते मोठेपण मला त्याला द्यायचं नव्हतं. दया आली म्हणून मी थांबले असं कुणी समजू नये. मला तो निर्दोष व्हायला नको होता.

मी पेन खाली ठेवलं आणि बाईंना कन्नडात म्हणाले, "मॅडम, हा शब्द पुढे नेताना अडतोय. तप्पु लिहिलं तर तीन अर्थ निघतात. कुठला धरायचा ते त्यांनाच विचारावं लागेल."

बाई म्हणाल्या, "विचारा."

मी सरांकडे वळले. "सर, चूक म्हणजे नेमकं काय? कुणाच्याच मनात नसताना घडलं, की तुमची नजरचूक झाली, की जाणून केलं? मला एकच लिहिता येणार."

"चूक म्हणजे... चूकच की हो बाई. आता एवढ्या वर्षांनी काय त्याचं."

"एकच सांगा."

ते पंख्याकडे बघायला लागले. क्लार्कची जबानी बाईंच्या समोर पडलेली होती, ती त्यांना दिसत होती. मग इतक्या वेळात न बोललेली आक्का बोलली. आवाज चढवला नाही. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावा तसा होता.

"सर, तुम्ही आमाला नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क देत नव्हता. म्हणायचा, पायऱ्या लिहा. पायऱ्या सांगा सर."

सरांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "जाणून," म्हणाले.

"पूर्ण वाक्य," मी म्हणाले.

"मी जाणून केलं."

"काय केलं, कुणाचं केलं, क्रमानं सांगा. मी लिहून घेते."

त्यांनी सांगितलं. चिठ्ठ्या कुणासाठी, कुणाकडून टाइप केल्या, आक्कानं आणून दिल्या त्या कशा ठेवून घेतल्या, कागदावर काय लिहिलं आणि वाचताना काय म्हटलं. मी मुद्दाम हळू लिहिलं. दोनदा मी म्हणाले, ऐकू आलं नाही, परत सांगा. आलं होतं. लिहून झाल्यावर सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, शब्दावर बोट ठेवून, आणि मगच सहीला दिलं. "वाचून घ्या, सर," मी म्हणाले. "वाचल्याशिवाय सही करू नका." इतकं गोड मी आयुष्यात कुणाशी बोलले नसेन.

बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, "तू दुसरंच काय तर लिवणार हुतीस."

"व्हय."

"तुझं तोंड बघून कळालं मला." पिशवीतून पाण्याची बाटली काढली, घोटभर प्यायली. "पण परत सांगा, परत सांगा, ते लई झालं गं."

"मला न्हाय वाटत."

ती हसली. इतक्या वर्षांत मी तिला असं बघितलं नव्हतं.

निकाल आक्काच्या बाजूनं लागला. ती पुन्हा शाळेत गेली. ह्या मार्चलाही तिची सुपरवायझरची ड्युटी आहे. काल मला म्हणाली, वर्गात चकरा मारून पाय दुखतात. मधल्या गेलेल्या वर्षांचं काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही, कागदावर तसा रकाना नसतो.

पण मला वाटलं होतं तसं माझं मन निवलं नाही. ग्रीकमध्ये अलास्तोर असा एक शब्द आहे. जुनी माणसं त्याचा अर्थ लावायची, न विसरणारा. गंमत म्हणजे तो शब्द पाप करणाऱ्यालाही लागतो आणि त्याच्या मागे लागणाऱ्यालाही. फादरांनी तो सांगितला तेव्हा मी विचारलं होतं, मग ओळखायचं कसं कोण कोण ते? ते म्हणाले, लांबून ओळखू येत नाही. आता आरशात बघताना कधी कधी हे आठवतं. वाईट वाटतं असंही नाही.

निकाल लागला त्याच वर्षी भाद्रपदात पर्युषण संपलं आणि क्षमावाणी आली. त्या दिवशी बस्तीत सगळे एकमेकांसमोर हात जोडतात, वर्षभरात जाणता अजाणता दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणतात. समोरचा करतो. नाही म्हणायची रीतच नाही. मी मुद्दाम बेळगावहून आले होते, कारण मला धास्ती होती. अथेन्सच्या कायद्यात एक कलम होतं: ज्याचा जीव घेतला त्यानंच मरायच्या आधी मारणाऱ्याला सोडलं, तर नातेवाइकांना पुढे काही बोलायचा हक्क उरत नाही. आक्का आप्पांची मुलगी. तिनं सरांना क्षमा केली की माझा सगळा राग एका क्षणात बेकायदा होणार.

सर आले. सकाळचं ऊन बस्तीच्या फरशीवर होतं. ह्या खेपेला बायका-पुरुष त्यांच्यापासून सरकले. हातभर जागा झाली त्यांच्याभोवती. मी ती डोळे भरून बघितली. ते त्या जागेसकट चालत आक्कासमोर आले, काठी भिंतीला टेकवली आणि हात जोडले.

"पद्मा. उत्तम क्षमा."

सगळी बस्ती बघत होती. आक्कानंही हात जोडले. माझा जीव गोळा झाला.

"ह्या वर्षी न्हाय, सर," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. मुलानं गणित निम्मंच सोडवून वही पुढे केली तर मास्तरीण परत देते, तशी बोलली ती. सरांचे हात तसेच जोडलेले राहिले.

"पुढच्या वर्षी येऊ?" त्यांनी विचारलं.

"या. बघू."

त्यांनी मान हलवली. "येतो," म्हणाले, आणि काठी टेकत टेकत, दारातल्या ढिगात आपल्या चपला शोधायला लागले.